रस्त्याखालची ऊब: कोपनहेगनचे उष्णताजाळे आणि भारतीय शहरांचा गारवा

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील शेकडा ९८ इमारतींना हिवाळ्यातील ऊब रस्त्याखालून मिळते. या इमारतींच्या तळघरात स्वतःची भट्टी नसते, छपरावर तिचे धुराडे नसते आणि अंगणात तेलाची टाकीही नसते. रस्त्याकडील भिंतीतून आत आलेले दोन नळ तेवढे असतात, ज्यांतील एकातून गरम पाणी येते आणि आपली उष्णता घराला दिल्यानंतर दुसऱ्यातून परत जाते. अभियांत्रिकीच्या परिभाषेत या योजनेस ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला सामायिक तापनव्यवस्था म्हटले आहे. तिचे तत्त्व इतके सरळ आहे की तिची चर्चा सहसा उष्णता निर्माण करणाऱ्या केंद्रांपुरती राहते, आणि वीजकेंद्रांची क्षमता, इंधनाचे प्रकार व उष्णता-पंपांची कार्यक्षमता एवढ्यातच ती संपते. वस्तुतः अशा व्यवस्थेचे भवितव्य ठरते ते रस्त्यात खणलेल्या चरामध्ये, आणि त्याही आधी तो चर कोणी, कोठे व कोणाच्या खर्चाने खणावा याचा निर्णय घेणाऱ्या नगरपालिकेच्या सभागृहात. कोपनहेगनचा अनुभव अभ्यासण्याजोगा ठरतो तो मुख्यतः या कारणाने.

डेन्मार्कमधील या व्यवस्थेचा आरंभ थंडीतून नव्हे, तर कचऱ्याच्या अडचणीतून झाला. चहूबाजूंनी कोपनहेगनने वेढलेली, परंतु आजही स्वतंत्र असलेली फ्रेडरिक्सबर्ग ही नगरपालिका विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतकी दाट झाली होती की कचरा टाकण्यास तिच्या हद्दीत जागा उरली नव्हती. म्हणून १९०३ साली तेथे कचरा जाळणारे केंद्र उभारण्यात आले आणि त्यातून निघणारी वाफ वीज निर्माण करण्याबरोबरच शेजारच्या नव्या रुग्णालयाला व अन्य सार्वजनिक संस्थांना ऊब देण्यासाठी भुयारी मार्गाने नेण्यात आली. पुढे १९२० च्या दशकात कोपनहेगनमधील वीजकेंद्रांची उष्णताही अशाच प्रकारे आसपासच्या इमारतींना मिळू लागली.

वीजकेंद्राची उष्णता विकता येते यामागील कारण महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. सहकारी साखर कारखान्यात बगॅस जाळून वाफ तयार केली जाते, तिच्यावर टर्बाइन फिरवून वीज काढली जाते आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली, दाब कमी झालेली वाफ उसाचा रस आटवण्यासाठी वापरली जाते. यालाच सहनिर्मिती म्हणतात. केवळ वीज निर्माण करणारे औष्णिक केंद्र इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णता शीतन-मनोऱ्यातून हवेत किंवा समुद्राच्या पाण्यात सोडून देते. सहनिर्मिती करणारे केंद्र विजेचा थोडा वाटा कमी घेऊन तीच उष्णता उपयोगात आणते. साखर कारखान्याला या उष्णतेचे गिऱ्हाईक आपल्याच आवारात लाभते; शहरातील वीजकेंद्राचे गिऱ्हाईक मात्र हजारो घरांत विखुरलेले असते आणि त्या प्रत्येकापर्यंत नळ पोहोचवावा लागतो. सामायिक तापनव्यवस्थेचा सारा खर्च, सारे कौशल्य आणि सारे राजकारण या एका फरकात सामावलेले आहे.

१९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात आयात तेलावर भागत होती. त्या हिवाळ्यात रविवारी खासगी मोटारी चालवण्यास बंदी घालावी लागली आणि घरे उबदार ठेवणे हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न बनला. यातून १९७९ साली उष्णता-पुरवठा कायदा झाला. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीचा उष्णता-आराखडा तयार करावा, कोणत्या भागात सामायिक तापनाचे नळ जातील आणि कोणत्या भागात नैसर्गिक वायूचे हे आधीच ठरवावे, आणि एका रस्त्यावर या दोन जाळ्यांनी एकमेकांशी स्पर्धा करू नये, अशी या कायद्याची रचना होती. ज्या भागात सामायिक जाळे ठरले तेथील इमारतींना त्याला जोडून घेणे बंधनकारक करण्याचा अधिकारही नगरपालिकांना मिळाला, आणि १९८८ पासून नव्या घरांत विजेवर तापन करण्यास मनाई झाली. नव्याने अशी सक्ती करण्याचा अधिकार अलीकडच्या काळात काढून घेण्यात आला आहे. परंतु तोवर मुख्य वाहिन्या जमिनीखाली पोहोचल्या होत्या.

या सक्तीकडे केवळ हुकूमशाही म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. रस्त्याखालच्या नळाचा खर्च त्यावर किती घरे अवलंबून आहेत यावर फारसा ठरत नाही. दहा घरांसाठी खणलेला चर आणि शंभर घरांसाठी खणलेला चर यांच्या खर्चात थोडाच फरक पडतो. रस्त्यावरील निम्म्या घरांनी बाहेर राहायचे ठरवले तर उरलेल्या निम्म्यांचे बिल जवळपास दुप्पट होते आणि मग तीही बाहेर पडू लागतात. म्हणूनच डॅनिश कायद्याने सक्तीच्या जोडीला दुसरे बंधन घातले: उष्णता पुरवणाऱ्या संस्थेने ग्राहकांकडून आवश्यक खर्चाइतकीच रक्कम घ्यावी, नफा कमवू नये. तेथील बहुतेक संस्था नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्याच सहकारी मालकीच्या आहेत. बांधून घेतलेल्या ग्राहकाकडून कोणी नफा उकळणार नाही याची हमी नसती, तर ती सक्ती चार दशके टिकली असती असे मानण्यास आधार नाही. या हमीचे मोल कोणत्याही यंत्राहून अधिक आहे. १९८४ मध्ये राजधानी परिसरातील नगरपालिकांनी एकत्र येऊन उष्णता वाहून नेणाऱ्या दोन संयुक्त संस्था स्थापन केल्या, त्यामुळे एका गावाच्या केंद्रातील उष्णता दुसऱ्या गावाच्या घरांत जाऊ लागली. आज देशातील सुमारे दोन-तृतीयांश घरे अशा जाळ्यांवर आहेत.

चराचे काम कुदळीने सुरू होत नाही. डेन्मार्कमध्ये जमिनीखालील वाहिन्यांच्या मालकांची एक राष्ट्रीय नोंदवही २००४ च्या कायद्याने निर्माण झाली. व्यावसायिक खोदकाम करणाऱ्या प्रत्येकाने खोदण्यापूर्वी तिच्याकडे विचारणा करणे सक्तीचे आहे, आणि त्या जागी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी ठरलेल्या मुदतीत नकाशे पुरवणेही तितकेच सक्तीचे आहे. जुन्या शहराच्या रस्त्याखाली जलवाहिनी, मलवाहिनी, वायूवाहिनी, विजेच्या व दूरसंचाराच्या केबल अशी दाटी असते. मलवाहिनी उतारावर वाहत असल्याने तिची खोली बदलता येत नाही, आणि उष्णतेचा नळ पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ नेला तर ते पाणी कोमट होऊन त्यात जिवाणू वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे उष्णतेच्या नळाला सहसा उरलेल्या जागेतूनच वाट काढावी लागते. मध्ययुगीन अवशेष हाती लागल्यास काम थांबवून संग्रहालयाला कळवावे लागते, हा तेथील कायद्याचा आणखी एक दंडक आहे.

चरात उतरणारा नळ तीन थरांचा असतो. आत पोलादाचा वाहक नळ, त्याभोवती पॉलियुरेथेनचा कडक फेस आणि बाहेर उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे काळे कवच. फेस पोलादाला आणि कवचाला असा घट्ट चिकटलेला असतो की तिन्ही थर एकाच वस्तूप्रमाणे वागतात. हे तीन थर कारखान्यातच एकत्र केले जातात. पूर्वी काँक्रीटच्या नाल्यांत पोलादी नळ टाकून त्यांवर जागेवरच खनिज लोकरीचे आवरण गुंडाळले जाई, त्यात भूजल शिरून नळ गंजत. तयार नळ सरळ मातीत पुरता येऊ लागले, तेव्हा खर्च आणि वेळ दोन्ही मोठ्या प्रमाणावर कमी झाले. अशा नळांसाठी असलेल्या युरोपीय मानकाप्रमाणे १२० अंश सेल्सिअसला अखंड वापरूनही ते किमान ३० वर्षे टिकावे लागतात. आजची जाळी याहून बरीच कमी तापमानाला चालत असल्याने प्रत्यक्ष आयुष्य अधिक अपेक्षिले जाते. लहान व्यासासाठी जाणारा व येणारा असे दोन्ही नळ एकाच कवचात बसवतात, ज्यामुळे चर अरुंद होतो आणि उष्णतेचा ऱ्हासही घटतो.

नळाचे तुकडे सामान्यतः १२ मीटर लांबीचे असतात, म्हणजे एक किलोमीटरच्या जाण्यायेण्याच्या मार्गावर दीडशेहून अधिक सांधे येतात. जाळ्याचे आयुष्य नळावर नव्हे, या सांध्यांवर अवलंबून असते. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला पोलाद उघडे ठेवलेले असते. वेल्डिंगपूर्वीच पॉलिथिलीनची रुंद बाही एका तुकड्यावर सरकवून ठेवावी लागते, कारण जोडणी झाल्यावर ती घालण्यास मार्ग उरत नाही. वेल्डर चरात आडवा होऊन, नळाच्या पोटाखालची शिवण दिसेल न दिसेल अशा अवस्थेत पूर्ण वर्तुळ जोडतो; या जोडांपैकी ठरावीक प्रमाणातील जोडांचे क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले जाते. त्यानंतर फेसात आधीच बसवलेल्या दोन तांब्याच्या तारा एका तुकड्यापासून दुसऱ्याशी जोडल्या जातात, बाही सांध्यावर आणून तापवून आवळली जाते, आत हवेचा दाब भरून व बाहेर साबणाचे पाणी लावून गळती तपासली जाते, आणि मग एका छिद्रातून द्रवरूप फेस ओतला जातो, जो फुगून सांध्याची पोकळी भरून टाकतो. पावसात किंवा ओल्या नळावर हे काम केल्यास फेस नीट चिकटत नाही. म्हणून सांध्यावर तंबू उभारणे ही चैन नसून कामाचाच भाग असतो, आणि घाईचा कंत्राटदार नेमकी याच ठिकाणी काटकसर करतो.

तांब्याच्या त्या दोन तारा जाळ्याची जाणीव जागी ठेवतात. कोरड्या फेसातून वीज वाहत नाही. फेस ओला झाला की तार आणि पोलादी नळ यांच्यातील विद्युतरोध घटतो. तारेतून पाठवलेला विद्युत-स्पंद ओलाव्याच्या जागेवरून परावर्तित होतो आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून ओलाव्याचे अंतर काढता येते. त्यामुळे शंभर मीटर रस्ता उकरण्याऐवजी नेमक्या जागी एक खड्डा पुरतो. आत फिरणारे पाणीही साधे नसते. क्षार व विरघळलेला प्राणवायू काढून टाकलेले आणि किंचित अल्कधर्मी केलेले असल्याने ते पोलादाला गंजवत नाही.

यानंतर येतो तो प्रसरणाचा प्रश्न, आणि चराच्या कामातील सर्वांत सुंदर अभियांत्रिकी येथेच आढळते. १०० मीटर लांबीचा पोलादी नळ १० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापला तर सुमारे ९६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर अंतराच्या निम्म्याने वाढू पाहतो. उघड्यावरील वाहिनीत यासाठी इंग्रजी ‘यू’ आकाराची वळणे द्यावी लागतात. पुरलेल्या नळाच्या बाबतीत मात्र भोवतालची वाळूच त्याला धरून ठेवते: पोलादाचा जोर फेसामार्गे कवचावर आणि कवचावरून वाळूवर जातो, त्यामुळे लांब सरळ पट्ट्याच्या मधला भाग जागचा हलतच नाही, त्याच्या पोलादात फक्त ताण साठतो. हालचाल उरते ती टोकांना व वळणांवर, आणि तेथे कवचाबाहेर मऊ फेसाच्या गाद्या लावल्या जातात. यासाठी भोवतालचा भराव गोलसर कणांच्या, धारदार दगड नसलेल्या वाळूचा असावा लागतो व तो थराथराने दाबावा लागतो. कधी कधी नळ उघड्या चरातच मध्यम तापमानापर्यंत तापवून, लांबू देऊन मग पुरतात. असे केल्याने थंडीत त्याच्यात ओढ आणि उष्णतेत दाब असा ताण दोन बाजूंना विभागला जातो. ही पद्धत पोलादाच्या दृष्टीने हिताची आहे, परंतु तीत लांब चर दीर्घकाळ उघडा राहतो आणि त्याची किंमत त्या रस्त्यावरचे दुकानदार व रहिवासी मोजतात. चराच्या वर सावधगिरीची रंगीत पट्टी अंथरून, खडी व डांबराचे थर पूर्ववत करून काम संपते.

जेथे चर खणणे शक्यच नव्हते तेथे कोपनहेगनने बोगद्याचा आश्रय घेतला. अमागर बेटावरील वीजकेंद्रापासून बंदराखालून शहराच्या मध्यभागापर्यंत सुमारे ४ किलोमीटर लांबीचा, चार मीटरहून थोड्या अधिक व्यासाचा बोगदा चुनखडीच्या थरातून खोदण्यात आला व २००९ च्या सुमारास तो पूर्ण झाला. शहराच्या जुन्या भागात तोवर वाफेचे जाळे होते. वाफेच्या वाहिन्या अधिक उष्णता गमावतात, त्यांत साचणारे पाणी सतत काढावे लागते आणि त्या फुटल्या तर जीव घेतात. न्यूयॉर्कमध्ये १९८९ व २००७ साली झालेल्या अशा स्फोटांत माणसे मृत्युमुखी पडली. कोपनहेगनने गल्लीमागून गल्ली वाफेचे जाळे बदलून गरम पाण्याचे केले, आणि जुनी वाफ चालू ठेवून शेजारीच नवे नळ टाकण्याचे हे किचकट काम पूर्ण होण्यास २०२१ उजाडले. पाण्याचे जाळे कमी तापमानाला चालते, म्हणून सांडपाणी, विदा-केंद्रे किंवा समुद्र यांतील मंद उष्णता उष्णता-पंपांनी उचलून त्यात मिसळता येते. या जाळ्याचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: कोळसा सोडून शहराने ज्या लाकडाचा आधार घेतला त्यातील पुष्कळसे बाहेरून आणलेले आहे आणि ते कितपत कार्बनमुक्त मानावे यावर गंभीर वाद आहे; शिवाय २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे उद्दिष्ट शहराने २०२२ मध्ये सोडले. तथापि इंधन बदलायचे ठरले तर ते थोड्या केंद्रांत बदलावे लागेल, लाखो तळघरांत नव्हे.

२०१० पासून याच शहरात नळांची दुसरी जोडीही काम करू लागली. कोंगेन्स न्यूटॉर्व या चौकाच्या परिसरासाठी उभारलेले केंद्र बंदरातील थंड समुद्रजल वापरून पाणी गार करते आणि ते सुमारे ६ अंशांना हॉटेले, बँका व दुकानांत पाठवते. समुद्रजल नळांतून ग्राहकाकडे जात नाही. पातळ धातूच्या पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकात ते बंद चक्रातील गोड्या पाण्याची उष्णता घेते आणि परत बंदरात जाते. हिवाळ्यात समुद्राची थंडी पुरते, उन्हाळ्यात चिलर यंत्रांची जोड द्यावी लागते.

गारव्याचे नळ मात्र उष्णतेच्या नळांहून कितीतरी अधिक जागा मागतात, आणि भारतीय शहरांसाठी या मुद्द्याचे महत्त्व मोठे आहे. तापनाचे पाणी ८० अंशांना जाऊन ४० अंशांना परत आले तर प्रत्येक लिटरमागे ४० अंशांचा फरक कामी येतो; शीतनाचे पाणी ६ अंशांना जाऊन १६ अंशांना परतते, म्हणजे फरक केवळ १० अंशांचा. एक मेगावॉट उष्णता वाहण्यास पहिल्या स्थितीत सेकंदाला सुमारे ६ लिटर पाणी लागते, तर दुसऱ्या स्थितीत २४ लिटर. वेग तोच ठेवला तर नळाचा व्यास दुप्पट होतो. पॅरिसने ही अडचण पूर्वजांच्या पुण्याईवर सोडवली: १९९१ पासून चालणाऱ्या आणि सेन नदीच्या पाण्याचे साह्य घेणाऱ्या तेथील शीतनजाळ्याचे नळ मोठ्या प्रमाणात एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या प्रशस्त मलभुयारांतून गेले आहेत, आणि लूव्र संग्रहालयही या जाळ्याचे ग्राहक आहे.

भारतातील पहिली मोठी सामायिक शीतनव्यवस्था गुजरातमधील गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत उभी राहिली, ती रिकाम्या जमिनीवर. तेथे वीज, पाणी, दूरसंचार व शीतजल या सर्वांसाठी माणूस चालू शकेल असे सामायिक भुयार रस्त्यांबरोबरच बांधले गेले आणि पहिल्या टप्प्यात १०,००० टन क्षमतेचे केंद्र बसवण्यात आले. येथे टन हे शीतनक्षमतेचे माप आहे: सुमारे ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे साडेतीन किलोवॉट; घरोघरी दीड टनाचा एसी घेतला जातो तोच हा टन. सामायिक केंद्रातील मोठे चिलर घरगुती यंत्रांपेक्षा प्रत्येक युनिट विजेमागे बराच अधिक गारवा देतात, रात्री पाणी थंड करून टाकीत साठवतात, आणि कार्यालये, दुकाने व घरे यांची गरज वेगवेगळ्या वेळी शिगेला पोहोचत असल्याने एकत्रित क्षमता बेरजेहून कमी पुरते. शिवाय खिडकीबाहेरचे यंत्र गल्लीत ओकत असलेली उष्णता या व्यवस्थेत वस्तीपासून दूर सोडता येते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतन कृती आराखड्यानुसार देशाची शीतनाची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत दोन दशकांत सुमारे आठपट होणार आहे, आणि त्या आराखड्यात सामायिक शीतनाचा पुरस्कारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भारतातील पाच शहरांची या दृष्टीने प्राथमिक पाहणी केली, त्यांत राजकोट, भोपाळ व कोइमतूरबरोबर ठाणे आणि पुणे ही महाराष्ट्रातील दोन शहरे होती. दाट वस्ती, मॉल, रुग्णालये व संगणक कंपन्यांची संकुले पाहता मागणीचा प्रश्न या शहरांत उद्भवत नाही. प्रश्न रस्त्याखालच्या जागेचा आहे. खोदकामापूर्वी वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे उपयोजन मार्च २०२३ मध्ये देशात सुरू झाले, परंतु अशा यंत्रणेची उपयुक्तता तिच्यात भरलेल्या नकाशांच्या अचूकतेइतकीच असते, आणि आपल्या जुन्या पेठांतील कितीतरी वाहिन्यांचे स्थान कागदावर नसून अनुभवी मुकादमाच्या स्मरणात असते. ते निवृत्त होण्यापूर्वी ही माहिती नकाशावर आणणे हे शीतनजाळ्याच्या कामाचेच पहिले पाऊल मानले पाहिजे.

त्याहून निकडीची बाब रस्त्याच्या पृष्ठभागाची आहे. मुंबईत २०२३ पासून रस्त्यांचे सिमेंट काँक्रीटीकरण मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले आहे आणि इतर शहरेही त्याच वाटेने जात आहेत. डांबरी रस्ता खोदून बुजवता येतो. काँक्रीटचा रस्ता फोडणे खर्चिक असते आणि नीट सांधणे त्याहून कठीण, म्हणून एकदा काँक्रीट पडले की त्याखालची जमीन किमान एका पिढीसाठी बंद होते. व्यापारी संकुलांच्या, रुग्णालयांच्या आणि नव्या मेट्रो स्थानकांभोवतीच्या रस्त्यांवर काँक्रीट ओतण्यापूर्वी अर्धा मीटर व्यासाच्या दोन नळांना पुरेल एवढा पट्टा नकाशावर राखून ठेवणे, निदान प्रत्येक चौकात आडवी पोकळ वाहिनी टाकून ठेवणे, यासाठी शीतनकेंद्राची निविदा निघण्याची वाट पाहण्याची गरज नाही. रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकातच त्याची तरतूद करता येते, आणि ती पुढच्या हंगामाची खोदाई सुरू होण्याआधी करावी लागेल.